वास : नेहमीसारखा

बाबा, काल संध्याकाळी आम्ही नाशिकहून परत आलो आणि आज कामावरून आल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तसाच ओतून दिला. तुला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. तू नवापूरला, मी बोईसरला, मध्ये रिक्षाचा रस्ता, पत्र लागतंय कशाला? आता तू जाऊन बारा वर्षं झाल्यावर लिहितेय, कारण जे सांगायचंय ते तुझ्याइतकं दुसऱ्या कोणाला कळायचं नाही. आणि खरं तर मला तुझ्यावर रागही काढायचाय. आधी मुद्द्याचं सांगते. मला वास येत नाही. गेलं दीड वर्ष. सर्दीतलं नाक बंद होतं तसं नाही, पार गेलाय. फोडणी नाही, मोगरा नाही, एमआयडीसीचा नाला नाही, घामाचा नाही, काही नाही. आणि तुझी लेक पोट भरते ते नाकावर.

माझं काम तुला माहीत होतं, पण तू होतास तेव्हा मी लॅबमध्ये नवीन होते, आता तिथली मोठी मॅडम आहे. आमच्याकडे एकदा वापरलेलं सॉल्व्हंट गाळून परत ड्रममध्ये भरतात. ड्रम उघड्यावर असतात. पावसात चिठ्ठ्या निघून जातात, खडूने लिहिलेलं पुसतं, मग ऑपरेटर बाटलीत थोडं काढून लॅबमध्ये आणतो आणि म्हणतो, मॅडम, हे काय आहे बघा. मशीन आहे, पण मशीनला रांग असते आणि खाली रिअ‍ॅक्टरवाल्यांना दम नसतो. मग मी बूच काढते, हाताने हवा नाकाकडे ओढते आणि सांगते. रिपोर्टवर रंग, स्वरूप, वास असे रकाने असतात. वासासमोर लिहायचं 'नेहमीसारखा' आणि खाली सही. गेलं दीड वर्ष मी तो रकाना काही न कळताच भरतेय. रंग बघते, बोटावर थेंब घेऊन किती लवकर उडतो ते बघते, ऑपरेटरच्या तोंडाकडे बघते आणि ठोकून देते. आजवर निभावलं. चुकीचा ड्रम चुकीच्या ठिकाणी गेला तर काय होतं ते तुला, कंपनीत जन्मभर ड्रम हलवलेल्याला, सांगायला नको. अवेळी भोंगा वाजला की आई हातातलं टाकून दारात येऊन उभी राहायची, आणि तुझी सायकल दिसेपर्यंत आत जायची नाही.

हाताने हवा ओढायला तूच शिकवलंस. मी सायन्स घेतलं त्या वर्षी मागच्या पायरीवर बसून, रॉकेलची बाटली पुढ्यात ठेवून. मी पटकन वाकून बाटलीला नाक लावलं तर तू मान धरून मागे खेचलंस. "नाक न्यायचं नाय," म्हणालास. "बाटली मालकाची हाय, नाक आपलं हाय." मला इतकं हसू आलं होतं. पुढे लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला मी हेच वाक्य ऐकवलंय. आणि मीच नाक नेलं, बाबा. दीड वर्षापूर्वी एका दुपारी चिठ्ठी नसलेला ड्रम होता, बॅच खोळंबली होती, फोनवर फोन येत होते, आणि मी खाली जाऊन रागारागाने बूच उघडलं आणि सरळ वाकले. मास्क गळ्यात. डोक्यात कळ गेली, डोळ्यांतून पाणी, आठवडाभर नाक वाहत होतं. सगळे म्हणाले सर्दी. मीही म्हटलं सर्दी. सर्दी गेली आणि जाताना सगळंच घेऊन गेली.

आता नाशिक. पालघरला कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी सातपाटीची मैत्रीण तुला आठवत असेल, आपल्या घरी येऊन तुझ्या ताटातलं माशांचं भुजणं उचलून खायची ती. ती लग्न होऊन नाशिकला गेली आणि गेली पंधरा वर्षं एका वायनरीच्या लॅबमध्ये आहे. आता नवऱ्याची बदली झाली म्हणून ती सोडून चाललीय, आणि तिने तिच्या साहेबांना माझं नाव सांगून ठेवलं. कॉलेजात माझ्या नाकाची ख्याती होती ना. डोळे बांधून बाटल्या ओळखायचे मी. ती फोनवर म्हणाली, केमिस्ट ढिगाने मिळतात गं, नाक मिळत नाही, तू शनिवारी ये, जागा बघ, साहेबांना भेट, नवऱ्यालाही आण, दोन दिवस फिरा. तुझा जावई तर ऐकल्यापासून हवेत. मोटर वाइंडिंगचं दुकान काय, नाशिकलाही चालेल म्हणाला. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर, आपल्याला इथे कोण बांधून ठेवलंय? सकाळी उठून गच्चीवरची कारखान्यांची काळी पूड झाडायची नाही, हेच त्याला केवढं मोठं वाटत होतं. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण नाही का, ते सांगावं लागलं असतं. म्हणून हो म्हटलं. मनात एक वेडगळ आशाही होती की घाट चढल्यावर, हवा बदलल्यावर, येईल कदाचित परत.

मैत्रिणीने एकच मागणं केलं होतं, सातपाटीचे सुके बोंबील. नाशिकला मिळतात ते बोंबील नव्हेत म्हणाली. म्हणून शुक्रवारी कामावरून सुटल्यावर मी सातपाटीला गेले. आजी सुकट-बोंबील विकायची, तिच्या मांडीवर मी वाढलेली, मला कोणी बोंबील निवडायला शिकवायचं का? विकणारी बाई शेजारणीशी बोलत होती, तिच्यापुढे दोन ढीग होते, मी खाली बसून एका ढिगातून भराभर वेचायला लागले. बाईचं लक्ष गेलं. "ताय, त्या ढिगातले? आदी वास घेऊन बग," म्हणाली. झालं, आता हुंगल्याचं सोंग आलं. मी मूठभर उचलून नाकाजवळ नेले, मान हलवली आणि म्हटलं, हेच पाहिजेत. ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, कोंबड्या पाळल्या काय? मला वाटलं चेष्टा करतेय, मी पण हसले. तिने बांधून दिले.

शनिवारी सकाळी निघालो. बेटेगाव, मग हायवे, मग मनोर, तिथून विक्रमगडचा रस्ता. मनोरलाच तुझ्या जावयाने काचा खाली केल्या. तो खानदेशातला, वीस वर्षं बोईसरला राहून बोंबील खायला शिकला पण त्याच्याबरोबर गाडीत बसायला अजून शिकलेला नाही. विक्रमगडला म्हणाला, आज जरा जास्तच येतोय ना? मी म्हटलं, बोंबील आहे तो, गुलाब नाही. जव्हारला त्याने गाडी थांबवून पिशवी टपावर बांधली. मला काय कळणार? मी आपली त्याच्यावर डाफरत होते की एवढं काय नाक मुरडायचं. मोखाड्याच्या पुढे मोहाची झाडं लागली. मार्च संपत आला होता, खाली बायका पोरं टोपल्या घेऊन फुलं वेचत होती. त्याने गाडी हळू केली आणि म्हणाला, आला का? मी म्हटलं, आला. छान ना, म्हणाला. मी म्हटलं, छान. मग मी बाहेर बघायला लागले. सारखं वाटत होतं दार उघडून उतरावं आणि मागे चालत सुटावं. चप्पल काढत होते, घालत होते, पाण्याची बाटली उघडत होते, लावत होते.

मैत्रिणीने दारातच मिठी मारली. स्वयंपाकघरात जाऊन पिशवी सोडली आणि दोन पावलं मागे सरली. "अगं, हे काय उचलून आणलंस?" म्हणाली. "हे कोंबड्यांच्या खाद्याचे आहेत." नीट न सुकलेले, कुजलेले बोंबील वेगळे काढतात, ते पोल्ट्रीवाले नेतात, हे मला शेंबडी असल्यापासून माहीत आहे. तो दुसरा ढीग तोच होता. ती बिचारी बाई मला सांगत होती, दोनदा सांगत होती. मैत्रीण हसून हसून लाल झाली, म्हणाली, कोळ्याच्या पोरीला फसवलं बघा. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, हो ना, हल्ली बायका फार लबाड झाल्यात. आजीच्या धंद्यातल्या बाईला मी लबाड म्हटलं, तिने खरं सांगितलेलं असताना. ते वाक्य तोंडातून गेल्यावर माझी मलाच इतकी किळस आली की बाथरूममध्ये जाऊन मी तोंडावर पाणी मारत उभी राहिले. बाहेर आले तेव्हा मैत्रीण अजून हसत होती. तुझा जावई हसत नव्हता.

दुपारी तिने आम्हाला तिची वायनरी दाखवली. धरणाच्या बाजूने रस्ता, दोन्हीकडे मांडवावर चढवलेल्या वेली, बहुतेक ठिकाणी घड काढून झालेले. आत उंच उंच स्टीलच्या टाक्या. त्या बघून मला उलट घरी आल्यासारखं वाटलं, व्हॉल्व्ह तेच, पाइप तेच, जमिनीवर पाणी मारणारे लोकही तसेच. तुला बघायला आवडलं असतं. हॉलमध्ये मुंबईहून आलेली माणसं ग्लास गोल गोल फिरवत होती, नाक आत खुपसत होती आणि एकेकजण काय काय सांगत होता, पेरू म्हणे, ओली माती म्हणे, मिरी म्हणे. पुस्तकातलं खरं की नाकातलं, देव जाणे. तुझा जावई कानात म्हणाला, मला तर सगळ्यांना द्राक्षांचाच येतोय. मी हसले, आणि लगेच त्याचा हेवा वाटला.

मग साहेब आले. वयस्कर, मृदू बोलणारे, मराठी शुद्ध. त्यांनी टेबलावर चार ग्लास ठेवले आणि म्हणाले, परीक्षा वगैरे नाही हं, ह्यातल्या एकात बिघाड आहे, कुठल्या ते सांगा. मैत्रीण माझ्याकडे अशी बघत होती की निकाल लागून पेढे वाटायचेच बाकी आहेत. मी पहिला ग्लास उचलला. काही नाही. दुसरा. काही नाही. आणि मग माझ्या तोंडून आपोआप निघालं. मी ग्लास तुझ्या जावयाच्या पुढे धरला आणि हसत म्हटलं, "तू सांग आधी, बघू तुला कळतं का." सगळे हसले. त्याने चारही ग्लास हुंगले, तिसऱ्याशी थांबला, म्हणाला, बाकी काय कळत नाही बुवा, पण ह्याला दुपारपर्यंत राहिलेल्या ताडीचा येतोय. मी तिसरा ग्लास घेतला, डोळे मिटले, हवा तेवढा वेळ लावला आणि म्हटलं, बरोबर, अ‍ॅसिटिक वाढलंय, टाकीत हवा गेलेली दिसतेय. साहेबांनी मान डोलावली. मैत्रिणीने टेबलाखाली माझा हात दाबला. साहेब म्हणाले, कधीपासून याल?

तू सांग आधी, बघू तुला कळतं का. बाबा, हे वाक्य माझं नाही. हे तुझं आहे. दुधाचं पातेलं माझ्यापुढे धरून तू हेच म्हणायचास. पापलेटाचे कल्ले उघडून हेच. रात्रीचा भात, आईने भरलेला मसाला, पावसाळ्यात कोंदटलेली माझी चादर. मी आठ-नऊ वर्षांची, डोळे मिटून हुंगायची आणि सांगायची, आणि बरोबर आलं की तू चिकूची मोठी फोड माझ्या तोंडात घालायचास. मला वाटायचं खेळ आहे. चाळीशी ओलांडली तरी मला वाटत होतं खेळ होता, माझं नाक तयार करायला तू लावलेला. आणि तू एकदाही, एकदासुद्धा, स्वतः हुंगून बघितलं नव्हतंस. दहावीला पास झाले तेव्हा अत्तराची बाटली आणलीस. उघडली तर मोगरा-बिगरा काही नाही, नुसतं स्पिरिट. तू विचारलंस, कसा हाय? मी म्हटलं, मोगरा आहे. तू इतका खूश झालास की मी ते स्पिरिट लावून आठवडाभर हिंडले. कोणीतरी तुला फसवलं आणि तुला कळलं नाही, एवढंच तेव्हा वाटलं. का कळलं नाही, ते कधी मनातही आलं नाही.

आणि तो मार. तू मला आयुष्यात एकदाच मारलंस. आई मागे कपडे वाळत घालत होती, तू चहा करायला ओट्याशी गेलास, थांबलास, म्हणालास, कसला वास येतो काय गं? येत होता. गॅसचा येत होता, नळी सुटली होती. आणि मला मस्करीची लहर आली. मी म्हटलं, नाही, काहीच नाही. तू काडी हातात घेतलीस. आई मागच्या दारातून ओरडली म्हणून वाचलो. तू काडेपेटी बाहेर फेकलीस, रेग्युलेटर बंद केलास, खिडक्या उघडल्यास आणि मग वळून माझ्या कानाखाली अशी दिलीस की मी पडले. "वासाची मस्करी करायची नाय," एवढंच म्हणालास आणि बाहेर जाऊन बसलास. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. माझ्या मनात तो राग किती वर्षं होता तुला सांगते, तुला अग्नी दिला तेव्हाही थोडा होता. मला वाटायचं, मलाही येत होता तर त्यालाही येत असणार, लहान पोरीच्या थट्टेवर एवढं मारायचं? आता कळतंय. पण बाबा, मग सांगायचं ना. एका वाक्यात सांगता आलं असतं. आठ वर्षांच्या पोरीच्या नाकावर अख्खं घर टाकलंस आणि पोरीला पत्ताच नाही. मी तुझ्यावर चिडलेय, अजून चिडलेली आहे, लिहिताना पेन कागदात रुततंय.

रविवारी परत निघालो तेव्हा माझ्या पर्समध्ये साहेबांचं कार्ड होतं आणि मैत्रीण मे महिन्यात जागा रिकामी करणार हे ठरलेलं. मोखाड्याला टपरीवर चहाला थांबलो. तुझ्या जावयाने बशीत चहा ओतला, प्यायला नाही, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला वास येत नाही ना?" मी माझा कप खाली ठेवला. तो सांगत गेला. वर्षभरापासून त्याला माहीत होतं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की तो पाणी प्यायला म्हणून आत जायचा आणि रेग्युलेटर बघायचा. दूध आधी तो हुंगायचा, नासलेलं असलं की मांजर प्यायलं म्हणून सांगायचा. आमच्याकडे मांजर किती प्यायलं त्याला हिशोब नाही. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, तू सांगशील म्हणून थांबलो. मग म्हणाला, "काल तिसऱ्याऐवजी दुसरा ग्लास सांगावा असं आलं होतं मनात. पण सगळ्यांच्या देखत तुझं नाक कापलं गेलं असतं." आणि मग, हळूच, "नाशिकला मी रोज तुझ्या शेजारी येऊन बसणार आहे का?" मला रडू आलं ते त्याच्या ह्या बोलण्याचं नाही. वर्षभर माझ्या पाठीमागून गॅसपाशी जाणारा तो माणूस डोळ्यांसमोर आला, त्याचं आलं.

बोईसरला घरी न जाता आम्ही सरळ नवापूरला आईकडे गेलो. आई मागे बसून मांदेली साफ करत होती. मी चपला काढायच्या आधी विचारलं, बाबांना वास येत नव्हता? तिने मान वर केली नाही. "आता कळलं तुला?" म्हणाली. मी लहान असतानाच तुझं नाक गेलं होतं. पोरीला सांगू नको, पोर कुठेतरी बोलेल, कामावर कळलं तर काढतील, म्हणून तिला शपथ घातली होतीस म्हणे. मी विचारलं, मग ड्रमवर काम कसं केलं एवढी वर्षं? तर म्हणाली, "कामावरचा बेटेगावचा जोडीदार होता ना. त्याची पाठ धरलेली, त्याला ड्रम उचलवायचा नाही. तो वास घ्यायचा आणि तुझे बाबा दोघांचे ड्रम हलवायचे, कोणी विचारलं नाय की कोणी सांगितलं नाय." तो तुझा जोडीदार मी पाहिलेला आहे, तुझ्या तिरडीला पुढे खांदा देणारा वाकलेला माणूस. मला वाटलं होतं, ह्यांची एवढी काय मैत्री असेल. आई म्हणाली, जेवून जा. आम्ही जेवलो. तिने माझ्या ताटात वाढायच्या आधी प्रत्येक वाटी स्वतः हुंगली, आणि मी बघतेय हे बघूनही थांबली नाही.

रात्रभर ठरवून आज सकाळी गेले. मॅनेजर साहेब दहाला येतात, आल्या आल्या सांगायचं, काय सांगायचं ते पाठ केलं होतं. साडेनऊला आमचा सर्वांत जुना ऑपरेटर लॅबमध्ये आला. उत्तर प्रदेशचा, अठ्ठावन्नला टेकलेला, पंचवीस वर्षं ह्याच ड्रमांवर. गेल्या दीड वर्षात निम्म्याहून जास्त बाटल्या त्यानेच आणल्यात. आजही आणली होती. "मॅडम, जरा सूंघ के बताओ." मी हात पुढे केला आणि मागे घेतला. माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, मुझे वास नहीं आता, काका, डेढ साल हो गया. तो दचकेल, ओरडेल, खाली जाऊन सगळ्यांना सांगेल असं वाटलं. त्याने बाटली टेबलावर ठेवली. "मेरे को तो आठ साल से नहीं आता, मॅडम," म्हणाला. "इसीलिए तो आपके पास लाता हूँ." मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "अब किसके पास ले जाऊँ?"

मी बाटली मशीनच्या रांगेत लावली, वासाचा रकाना कोरा ठेवला आणि केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. माझं. त्याचं नाव घेतलं नाही, त्याला दोन वर्षं राहिलीत. साहेबांनी आधी उठून दार लावून घेतलं. मग खूप वेळ बोलले, त्यातलं अर्धं माझ्या डोक्यात शिरलं नाही. बाटल्या आजपासून फक्त मशीनवर जातील एवढं कबूल केलं, माझं काय करायचं ते उद्या बघू म्हणाले. नाशिकला मैत्रिणीला अजून कळवलेलं नाही, तिचे दोन फोन येऊन गेले. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तुझा पत्ता असता तरी टाकलं नसतं, आईकडून वाचून घेतलं असतंस आणि तिला जोडीदाराचं सांगितल्याबद्दल बोलणी बसली असती. फक्त एक राहिलंय, ते साहेबांना सांगितलं नाही आणि तुझ्या जावयालाही नाही. त्या म्हाताऱ्याने मलाही येत नाही म्हटलं तेव्हा मला आधी बरं वाटलं, बाबा. हायसं वाटलं, चला, मी एकटी नाही म्हणून. दीड वर्षं त्या बाटल्या कोणीच हुंगलेल्या नव्हत्या, हे लक्षात यायला मला केबिनच्या दारापर्यंत चालत जावं लागलं.